पहिला खंड कायम मिळत राहील, हे धरून पुढचं सगळं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काळ्या-पांढऱ्या मराठी कॉमिक्सचे १४ अंक तुम्ही स्वतःच्या खर्चाने काढलेत. प्रत्येक अंकात गोष्टीची २२ पानं, बाकी वाचकांची पत्रं आणि जाहिराती. पहिली कथा सहाव्या अंकात संपते, सातवा अंक सुटी गोष्ट आहे आणि आठव्यापासून चौदाव्यापर्यंत दुसरी कथा आहे. पहिले तीन अंक संपलेत, त्यामुळे प्रदर्शनात येणारा वाचक पहिला अंक मागतो आणि हात हलवत परत जातो. आता हे अंक एकत्र करून खंड काढायचे तर किती अंकांचा एक खंड करावा, पानं कशी लावावीत, किती प्रती छापाव्यात, किंमत काय ठेवावी, आणि खंड निघाल्यावर सुटे अंक चालू ठेवावेत की नाही, हे तुम्ही विचारलंय.

चित्रकथांच्या पुस्तकांची मांडणी आणि छपाई हेच माझं वर्षानुवर्षांचं काम आहे. त्यामुळे आधी माझं ठाम मत सांगतो. अंक एकदा छापायचा, विकायचा आणि पुढच्या अंकाला लागायचं, असा व्यवहार असतो. खंडाचं तसं नाही. पहिला खंड काढलात की तुमची मालिका जोवर चालू आहे तोवर, आणि संपल्यावरही, तो खंड दुकानात मिळत राहिला पाहिजे. पाचवा खंड कितीही देखणा निघाला तरी पहिला मिळत नसेल तर नवा वाचक पाचवा घेत नाही. म्हणून ‘खंड काढायचा का’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘हे पुस्तक पुढची वीस वर्षं पुन्हा पुन्हा छापायची माझी तयारी आहे का’ असा होतो. कुठे तोडायचं, किंमत किती, फाइली कशा जपायच्या, वितरकाशी काय बोलायचं, ही सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

हे ज्यांनी पहिल्यांदा नीट करून दाखवलं त्यांच्याकडे बघू. कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या किचनर शहरात डेव्ह सिम यांनी डिसेंबर १९७७मध्ये ‘सेरेबस’ ही कॉमिक्स मालिका स्वतः छापायला सुरुवात केली आणि मार्च २००४मध्ये ३००व्या अंकावर ती संपवली. सुरुवातीचे अंक मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी आधी साधा उपाय केला. चार-चार अंकांची छोटी पुस्तकं काढली, अशी सहा निघाली आणि सुरुवातीचे अंक त्यांत आले. पण २६व्या अंकापासून त्यांनी सलग पंचवीस अंकांची एकच राजकीय कादंबरी रचली होती. तिचे चार-चार अंकांचे तुकडे केले असते तर सहा-सात पुस्तकं झाली असती आणि एकाही पुस्तकाला स्वतःचा शेवट नसता. सिम यांनी १९८६मध्ये ते पंचवीसही अंक ‘हाय सोसायटी’ नावाच्या एकाच पाचशे पानी पुस्तकात घातले. कागद साधा, मुखपृष्ठ मऊ, जाडी एवढी की वाचकांनी त्याला ‘फोन बुक’ म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा ते टपालाने थेट वाचकांना विकलं. वितरक त्यावर नाराज झाले, पण पुस्तक खपलं. मग १९८७मध्ये पहिल्या २५ अंकांचंही तसंच जाडजूड पुस्तक आलं आणि पुढे सगळी मालिका सोळा खंडांत बसली.

आकड्यांपेक्षा मला त्यातला निर्णय महत्त्वाचा वाटतो. खंड किती जाड होणार हे कथेने ठरवलं. सिम यांचा एक खंड पाचशे पानांचा आहे, तर १३९ ते १५० एवढ्याच अंकांची छोटी कादंबरी स्वतंत्र बारीक पुस्तक म्हणून निघाली. ५२ ते १११ या साठ अंकांची लांबलचक कथा एका पुस्तकात मावेना, म्हणून ती दोन खंडांत गेली. पुस्तकाच्या कपाटात या जाड्या-बारक्या पाठी एकसारख्या दिसत नाहीत. पण प्रत्येक पुस्तक उघडलं की सुरुवात आहे आणि मिटलं की काहीतरी पुरं झालेलं आहे.

तुमच्या बाबतीत पहिला खंड अंक १ ते ६ आणि दुसरा ८ ते १४, यात मला जराही शंका नाही. ‘साधारण पाच-पाच अंकांचे तीन सारखे खंड, म्हणजे किंमत एकच ठेवता येईल’ असं तुम्हाला कोणीतरी सुचवलंय. ते ऐकू नका. तसं केलंत तर पहिल्या खंडात पाच अंक जातील आणि कथेचा शेवट दुसऱ्या खंडात पहिल्या बावीस पानांतच उरकेल. पहिला खंड विकत घेणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. त्याला पूर्ण गोष्ट मिळाली तर तो दुसरा खंड स्वतःहून मागेल.

मग सातव्या अंकाचं काय? इथेही ‘सेरेबस’चा दाखला उपयोगी आहे. दोन मोठ्या कथांच्या मधले ५१, ११२-११३ आणि १३७-१३८ हे अंक सिम यांनी मूळ खंडांत घातलेच नाहीत. पुढे ते एका वेगळ्या स्वस्त अंकात एकत्र छापले आणि त्याला शून्य क्रमांक दिला. तुमच्या पहिल्या कथेचा शेवट भारदस्त आहे, त्याच्यामागे हलकीफुलकी सुटी गोष्ट जोडली की तो शेवट विरून जाईल. दुसऱ्या खंडाच्या तोंडाशी टाकलीत तर कथा सुरू व्हायला चोवीस पानं उशीर होईल. माझा सल्ला असा की सातवा अंक खंडांबाहेर ठेवा, पण तो संपू देऊ नका. प्रदर्शनात ज्याला खंडाचे पैसे द्यायचे नाहीत त्याच्या हातात द्यायला एक पूर्ण गोष्ट असलेला स्वस्त अंक हवाच असतो, आणि तुमच्याकडे तो तयार आहे. अशा तीन-चार सुट्या गोष्टी जमल्या की त्यांचं वेगळं पुस्तक करता येईल.

आता पानांच्या मांडणीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त पुस्तकं इथे बिघडतात आणि छापून झाल्यावरच ते लक्षात येतं.

तुमच्या अंकात गोष्टीचं पहिलं पान उजवीकडे येतं. म्हणजे पान उलटल्यावर जे दिसावं असं तुम्ही रचलंय, ते डाव्या, सम क्रमांकाच्या पानावर आहे. तिसऱ्या अंकात विहिरीतून हात वर येतो ते पान तुम्ही नमुन्यादाखल पाठवलंत. ते आठवं पान आहे, डावीकडचं. वाचक सातवं पान संपवतो, पान उलटतो, आणि हात दिसतो. खंडात प्रत्येक अंकाआधी ‘प्रकरण तिसरं’ असं एकच शीर्षकपान घातलंत की काय होईल ते बघा. आधीचं प्रकरण बावीस पानांचं आहे, म्हणजे ते डाव्या पानावर संपतं. शीर्षकपान उजवीकडे येतं. त्याच्या पाठीवर, डावीकडे, गोष्टीचं पहिलं पान. मग आठवं पान उजवीकडे जातं, आणि सातवं वाचत असतानाच वाचकाला बाजूला हात दिसतो. धक्का गेला. एवढंच नाही, जिथे दोन पानांवर पसरलेलं एक चित्र आहे तिथे त्याचा डावा अर्धा उजव्या पानावर आणि उजवा अर्धा पान उलटल्यावर येईल. एका प्रकरणात ही चूक झाली की पुढच्या शीर्षकपानाने ती आपोआप सुधारते आणि तिसऱ्याने परत बिघडते. म्हणून वाचायला घेणाऱ्याला ती चटकन सापडतही नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रकरणाआधी दोन पानं द्या, उजवीकडे त्या अंकाचं मुखपृष्ठ काळ्या-पांढऱ्यात आणि त्याच्या पाठीवर कोरं पान किंवा छोटं रेखाटन. म्हणजे एका प्रकरणाला चोवीस पानं, सहा प्रकरणांची १४४. पुढे आठ पानं नावाची, हक्काची आणि प्रस्तावनेची, मागे आठ पानं कच्च्या रेखाटनांची. एकूण १६० पानं, म्हणजे १६ पानी फॉर्मचे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे) बरोबर दहा फॉर्म. दुसऱ्या खंडात सात प्रकरणांची १६८ आणि पुढची आठ, म्हणजे १७६ पानं, अकरा फॉर्म. मागची पुरवणी तिथे नको. कागद वाचवायचा म्हणून शीर्षकपानं पूर्ण गाळायची असतील तर पहिला खंड १३२ अधिक १२ असा १४४ पानांत, नऊ फॉर्ममध्ये बसतो. तेही चालेल, फक्त सुरुवातीची पानं सम संख्येत ठेवा. पण मी दोन पानंच देईन. अंकांमध्ये महिना-दोन महिने गेले होते, तो श्वास खंडातही थोडा मिळायला हवा. प्रकरणं भिंतीला भिंत लावून छापली की सहाव्या प्रकरणापर्यंत वाचक दमतो.

दर अंकाच्या सुरुवातीचा ‘आतापर्यंतची गोष्ट’ हा मजकूर अर्थातच काढून टाका. पण एखाद्या अंकाच्या पहिल्या पानावर पात्रांच्या तोंडीच मागची गोष्ट परत सांगितली असेल तर तिथे हात लावताना जपा. दोन-तीन फुगे नव्याने लिहिले तर कोणाची हरकत नसते, चित्र बदलायला गेलात तर काही वर्षांपूर्वीच्या हाताशेजारी आजचा हात उठून दिसतो. सुरुवातीच्या अंकांतलं चित्र कच्चं आहे असं तुम्ही लिहिलंय. असू द्या. वाचकाला चित्रकार वाढताना दिसतो, आणि मालिकेतच ते दिसू शकतं.

बांधणीविषयी. तुमचे अंक पिनांचे होते, ते पूर्ण उघडायचे. खंड पाठ चिकटवून बांधला की दोन पानांच्या मधली जागा आत ओढली जाते, प्रत्येक बाजूचे पाच-सहा मिलिमीटर तरी डोळ्यांआड जातात. पसरट चित्राच्या मधोमध चेहरा असेल तर नाकच गायब होतं. अशा चित्रांचे दोन्ही अर्धे थोडे बाहेर सरकवून घ्या आणि मधला पट्टा दोन्हींकडे परत छापा, म्हणजे उघडल्यावर चित्र जुळतं. आतल्या बाजूचा समास अंकापेक्षा मोठा ठेवा, त्यासाठी चित्र चार-पाच टक्के लहान करावं लागलं तरी करा. शक्य असेल तर फॉर्म शिवून घ्या. महाराष्ट्रात तुमचं गिऱ्हाईक गावोगावची सार्वजनिक वाचनालयं असणार आहेत. पुस्तक सुटं झालं की तिथला बाइंडर पाठीशी आडवं भोक पाडून दोरा ओवतो आणि कडा परत कापतो, त्यात आतला-बाहेरचा मिळून चांगला सेंटिमीटरभर कागद जातो. कडेला टेकलेले फुगे असलेली पुस्तकं वाचनालयात दोन वर्षांनी अर्धी वाचता येत नाहीत. शिवलेलं पुस्तक पुष्कळ जास्त टिकतं.

१६० पानांची पाठ शंभर जीएसएम (दर चौरस मीटरला शंभर ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथो या साध्या छपाईच्या कागदावर साधारण दहा मिलिमीटर होते. हा आकडा मुखपृष्ठ बनवण्यापुरता पुरेसा नाही. मुद्रकाकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि पट्टीने मोजा. पाठीवर मालिकेचं नाव, खंडाचा ठळक आकडा आणि तुमचं चिन्ह, एवढंच. जागा एकदा ठरली की प्रत्येक खंडावर तीच ठेवा. दुकानात तुमचं पुस्तक बहुतेक वेळा पाठीनेच दिसणार आहे.

आता फाइली. मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात कळीचा वाटतो, कारण वीस वर्षं पुन्हा छापायचं म्हणजे काय, हे इथे कळतं. ‘सेरेबस’चे खंड सुरुवातीला निगेटिव्हवरून छापले जात. पुढे छपाईचं तंत्र बदललं, निगेटिव्हऐवजी स्कॅन आणि डिजिटल प्लेट आल्या, आणि बारीक रेषा व ठिपक्यांचे करडे पडदे, म्हणजे करडी छटा दाखवणारी बारीक ठिपक्यांची जाळी, बिघडू लागले. मूळ चित्रांची बरीच पानं तर केव्हाच चाहत्यांना आणि संग्राहकांना विकली गेली होती. त्यात २०१२मध्ये एका घराला लागलेल्या आगीत ‘हाय सोसायटी’च्या निगेटिव्ह जळाल्या. त्यानंतर जगभरच्या संग्राहकांना विनंती करून त्यांच्याकडच्या मूळ पानांचे स्कॅन मागवावे लागले, जिथे मूळ पान मिळालं नाही तिथे जुन्या छापील प्रतीवरून काम करावं लागलं, आणि एकेका खंडाची पानं एकेक करून दुरुस्त करण्यात वर्षं गेली. काम सुरेख झालं. पण सगळ्यांना अशी माणसं मिळत नाहीत.

तुम्ही मूळ पानं विकता, ती तुमची कमाई आहे, जरूर विका. पण स्कॅन केल्याशिवाय एकही पान घराबाहेर जाऊ देऊ नका. शाईची रेषा असेल तर बाराशे डीपीआयला (दर इंचाला बाराशे ठिपके), निव्वळ काळं आणि पांढरं. करड्या छटा असतील तर त्या वेगळ्या, चारशेला पुरतात. ठिपक्यांचे पडदे वापरले असतील तर त्यांचा आकार बदलला की जाळीदार लाटा उमटतात. म्हणून खंडाचा आकार अंकापेक्षा लहान ठेवायचा असेल तर आधी अशी चार पानं प्रत्यक्ष त्याच कागदावर छापून बघा, संगणकाच्या पडद्यावर बघून उपयोग नाही. अंकासाठी मुद्रकाला पाठवलेली पीडीएफ ही मूळ प्रत नाही, ती एका विशिष्ट कागदासाठी आणि आकारासाठी बनवलेली असते.

आणि अक्षरं. तुमचे पहिले नऊ अंक श्रीलिपीत आहेत, पुढचे युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या संगणकावर उघडला की वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात, कधी कधी सबंध फुग्यातली अक्षरंच बदलतात. ही नऊ अंकांची अक्षरं आत्ताच युनिकोडमध्ये आणा. चित्र, करडी छटा आणि मजकूर असे तीन थर वेगळे जपा, शिवाय सगळे संवाद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पानाच्या क्रमांकासह लिहून ठेवा. उद्या कन्नड किंवा हिंदी आवृत्ती करायची वेळ आली तर ही एक फाइल महिन्याभराचं काम वाचवते. मुद्रितशोधन पुन्हा करून घ्या. अंकातली चूक महिन्यात विसरली जाते, खंडातली दर पुनर्मुद्रणात परत छापली जाते.

किती प्रती छापायच्या? तुमचे अंक सातशे-आठशे जातात असं तुम्ही लिहिलंय. पहिला खंड एक हजार छापा, दुसरा सातशे. पहिला खंड नेहमी दुसऱ्यापेक्षा जास्त लागतो आणि कायम लागत राहतो, कारण प्रत्येक नवा वाचक तिथूनच आत येतो. हजार प्रतींचे पैसे आज नसतील तर पाचशे छापा, पण संपायला आल्यावर लगेच पुढच्या पाचशे छापण्याइतकी रक्कम बाजूला काढून मगच तिसऱ्या खंडाचा विचार करा. पुनर्मुद्रणाचे पैसे नव्या पुस्तकात अडकले की पहिला खंड दुकानातून नाहीसा होतो आणि तुम्ही होतात तिथेच परत येता. मधल्या काळात प्रती संपल्या तर शंभर-दीडशे डिजिटल छपाईने काढा. प्रतीमागे खर्च जास्त येतो, नफा जवळपास राहत नाही, तरी काढा.

किंमत ठरवताना एका प्रतीच्या छपाई-बांधणीच्या खर्चाची चौपट तरी धरा. दुकानदार आणि वितरक मिळून छापील किमतीच्या चाळीस ते पन्नास टक्के घेतात, प्रवासात काही प्रती खराब होतात, काही परीक्षणाला जातात, मग जे उरतं त्यात पुढचं पुनर्मुद्रण बसलं पाहिजे. सहा अंकांच्या बेरजेपेक्षा खंड थोडा स्वस्त असावा असं तुमच्या जुन्या वाचकांना वाटतं आणि बहुधा तो तसा होतोही. पण केवळ त्यासाठी तिप्पटीवर येऊ नका. आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आपल्याकडे सरकारकडून मोफत मिळतो, प्रत्येक खंडासाठी वेगळा घ्या आणि पुठ्ठा बांधणीची आवृत्ती काढलीत तर तिच्यासाठी आणखी वेगळा. १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. छोटे प्रकाशक हे टाळतात. तुम्ही पाठवा. तुमच्या घरी काहीही झालं तरी चार ठिकाणी पुस्तक राहील.

वितरकाविषयी एकच गोष्ट, पण कळकळीने सांगतो. सगळा साठा एकाच्या गोदामात ठेवू नका. अमेरिकेत २००२मध्ये एलपीसी हा वितरक दिवाळखोरीत गेला तेव्हा टॉप शेल्फ हा छोटा प्रकाशक बुडायच्या बेतात आला होता. त्यांनी वाचकांना उघडपणे सांगितलं की आमची पुस्तकं आत्ता विकत घ्या, आणि वाचकांनी इतकी मागणी नोंदवली की प्रकाशन तरलं. जानेवारी २०२५मध्ये कॉमिक्सचा एकेकाळचा सगळ्यात मोठा वितरक डायमंड दिवाळखोरीत गेला आणि विक्रीनंतर हिशेब या तत्त्वावर त्याच्याकडे ठेवलेल्या प्रती नेमक्या कोणाच्या, यावरच वाद उभा राहिला. आपल्याकडचे व्यवहार लहान आहेत, पण विक्रीनंतर हिशेब हीच पद्धत आपल्याकडेही सर्रास आहे. प्रती दिल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या, प्रती तुमच्या मालकीच्या आहेत हे त्यावर लिहून घ्या, दर तीन महिन्यांनी हिशेब मागा, आणि निम्म्या प्रती घरी ठेवा.

हक्कांचा विषय तुम्ही विचारला नाहीत, पण खंड चांगला चालला की मोठा प्रकाशक फोन करतोच, म्हणून सांगतो. जेफ स्मिथ यांनी ‘बोन’ ही मालिका १९९१ ते २००४ या काळात ५५ अंकांत पूर्ण केली. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरातून त्यांचं कार्टून बुक्स हे स्वतःचं प्रकाशन चालतं, व्यवहाराची बाजू त्यांच्या पत्नी विजया अय्यर सांभाळतात. नऊ खंड झाल्यावर २००४मध्ये त्यांनी तेराशेहून जास्त पानांचं एकत्रित काळं-पांढरं पुस्तक काढलं. २००५पासून स्कोलॅस्टिक या मोठ्या प्रकाशनाने तेच नऊ खंड रंगीत करून शाळाशाळांत पोचवले. रंगीत आवृत्ती एका प्रकाशकाकडे गेली, पण काळी-पांढरी एकत्रित आवृत्ती स्मिथ यांच्याकडेच राहिली. करारात ‘सर्व हक्क’ असं लिहून आलं तर खोडा आणि आवृत्तीचा प्रकार, भाषा आणि मुदत लिहून द्या. याच मालिकेतली आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. १९९३मध्ये सहा अंकांचा पहिला खंड निघाला तेव्हा त्याच्या नावात ‘कम्प्लीट’ हा शब्द होता, कथा मात्र अजून अकरा वर्षं चालायची होती. पुढे खंडांची नावं बदलली. तुमच्या पहिल्या खंडावर ‘समग्र’ किंवा ‘संपूर्ण’ असं काही लिहू नका. कथेचं स्वतःचं नाव द्या आणि खाली ‘खंड १’.

जुन्या वाचकांचाही विचार करा. इतकी वर्षं दर अंक विकत घेणाऱ्या माणसामुळेच खंड निघतोय. खंडात नवी दहा पानांची गोष्ट घातली की त्याला तेवढ्यासाठी सगळं परत विकत घ्यावं लागतं, आणि हे मला पटत नाही. नवी गोष्ट घालायचीच असेल तर ती अंकांच्या वर्गणीदारांना फुकट पाठवा. उलट वाचकांची पत्रं खंडात घेऊ नका. ती अंकातच राहू द्या, म्हणजे अंक जपणाऱ्याकडे असं काही राहतं जे खंडवाल्याकडे नाही. ‘सेरेबस’च्या खंडांतही पत्रव्यवहाराची पानं आली नाहीत, आणि त्या पत्रांसाठी लोक आजही जुने अंक शोधतात.

शेवटचा प्रश्न, अंक बंद करून थेट खंडच काढावेत का. अमेरिकेतल्या हर्नांडेझ बंधूंच्या ‘लव्ह अँड रॉकेट्स’ या कॉमिक्स मालिकेचं उदाहरण घ्या. ती १९८२पासून फँटाग्राफिक्स या प्रकाशनाकडून अंकांच्या रूपात निघत होती. २००८पासून त्यांनी वर्षाला एक जाड पुस्तक असा क्रम धरला, आणि २०१६मध्ये पुन्हा मासिकाच्या आकाराच्या अंकांकडे वळले. वर्षभर काहीच हातात पडलं नाही की वाचकाची सवय मोडते, आणि लेखकाचीही. तुम्ही एकटे लिहिता, एकटे काढता. दीडशे पानं कोणालाही न दाखवता काढणं अवघड आहे. दर दोन महिन्यांनी बावीस पानं पुरी करणं जमतं, हे तुम्ही चौदा वेळा दाखवलंय. अंकाचे पैसे हळूहळू येतात आणि खंडासाठी लागणारी चित्रं त्यातच तयार होतात.

पण खंड निघू लागले की काही वाचक थांबून खंडच घेतील, त्यामुळे अंकाच्या प्रती सातशेवरून चारशे-पाचशेवर आणा आणि वर्गणीदारांची यादी हाती ठेवूनच छापा. कथा संपल्यावर खंडाला तीन-चार महिने जाऊ द्या, तोवर शेवटचे अंक विकले जातात. पंधराव्या अंकाच्या आतल्या मुखपृष्ठावर कोणती कथा कोणत्या खंडात आहे आणि सातवा अंक सुटा मिळतो, हे छापा. खंडाची तारीख मात्र बांधलेल्या प्रती घरी येईपर्यंत कुठेच जाहीर करू नका.